कागदावरच्या मयत भावास

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे? पत्रात विचारायची पद्धत आहे म्हणून विचारत नाही. आपल्या वस्तीतल्या माणसांची हृदयं तीस वर्षं तपासणारी ती पाहणी आहे ना, तिच्या कागदांत तू दोन वर्षांपूर्वीच वारला आहेस, आणि तो प्रताप माझा आहे. वहिनींना हे एकदम वाचून दाखवू नकोस.

चार वर्षांपूर्वीच्या तपासणीत तू रक्तदाब मोजणाऱ्या बाईंना सांगून टाकलंस, की हा गच्चीवर चोरून विड्या ओढतो. (विड्या नव्हेत, सिगारेटी. चहाडी करतानाही माणसानं खरं बोलावं.) सव्वीस वर्षं दर दोन वर्षांनी मी 'कधीच ओढली नाही' या चौकटीत खूण करत आलो होतो. बाईंनी माझी तेरा पानं लाल शाईनं दुरुस्त केली, तीही अख्ख्या रांगेदेखत. मग तू बदली घेऊन गेलास, आपलं बोलणं बंद झालं, आणि पुढच्या खेपेला कागदावर प्रश्न आला: भाऊ हयात की मयत? मी डोक्यात राख घालूनच बसलो होतो, 'मयत'वर खूण केली. खाली कारण विचारलं होतं. 'इतर' म्हटलं की वेगळा कागद भरावा लागतो. मला कंटाळा आला, म्हणून तुला हृदयविकारानं नेलं.

आता केलेलं निस्तरतोय. यंदा नवा डॉक्टर आला आहे. सख्खा भाऊ साठीच्या आत हृदयानं गेला म्हटल्यावर त्यानं मला जोखमीच्या यादीत घातलं, आणि हिनं मिठाच्या बरणीला कुलूप लावलं. (तू धडधाकट आहेस हे हिला ठाऊक आहे. पण डॉक्टर म्हणाले म्हणजे काहीतरी असेलच, असं हिचं म्हणणं.) बाईंनी तुझी फाईल काढली आणि "भला माणूस होता हो" म्हणत डोळे पुसले. मलाही मान हलवावी लागली. मयताची नोंद खोडायची तर म्हणे मयतानं स्वतः हजर व्हावं लागतं. तेव्हा चौदा तारखेला सकाळी आठला, उपाशीपोटी, जिवंत ये.

तुझा, कागदोपत्री एकुलता एक,
धाकटा

ता. क. ओळखपत्र आण. नुसत्या तोंडावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

ता. क. तू चहाडी केलीस त्याच दिवशी मी सिगारेट सोडली. कोणाला सांगणार? आधी कधी ओढलीच नव्हती ना.

ता. क. खरं सांगतो. परवा मी बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी 'मयत'वर रेघ मारून माझ्यासमोर 'हयात' लिहिलं. हजर राहायचा नियमबियम काही नाही, तो मीच रचला. मग त्यांनी विचारलं, शेवटचे भेटलात कधी? हा प्रश्न त्यांच्या कागदावर नाही, तरी घरी येऊन मी हे पत्र लिहायला घेतलं. दवाखान्यात यायची गरज उरलेली नाही, दादा. घरी ये. तू आलास की ही बरणीचं कुलूप काढेल.