ओव्हनमधल्या कढया

१३ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळ
पार्सिपनी

मूर्खपणा केला. ओव्हन साडेतीनशे फॅरनहाइटवर लावला आणि आतल्या कढया बाहेर काढायलाच विसरले. जळका वास आला तेव्हा कळलं. नॉनस्टिक पॅनची मूठ पार वितळली. खिडक्या उघडल्या, कढया टेबलावर आणून टाकल्या.

आमचा ओव्हन म्हणजे कढयांचं कपाट. त्यात खरंच काही भाजायची ती मिथिला, आणि ती तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहायला गेली. कुकीज करायच्या म्हणजे सगळ्या कढया डायनिंग टेबलावर, आणि नंतर तिथेच. मी दर वेळी ओरडायचे, “आत कोण ठेवणार हे?” ती वरच्या खोलीतून म्हणायची, “चिल, आई.”

मला चॉकलेट आवडतसुद्धा नाही. मग आजच कुकीज का केल्या? फ्रिजमध्ये तिचं चॉकलेट चिप्सचं अर्धं पाकीट दिसलं, क्लिप लावलेलं. एवढंच.

खालून करपल्या, पण खाण्यासारख्या झाल्या. फोटो पाठवला, त्यात मागे वितळलेली मूठही आली, तर लगेच मिथिलाचा फोन. “आई, यू फरगॉट द कढईज, राइट?” खूप हसली. मागून कोणीतरी हाक मारली. “गॉट टू गो, लव्ह यू.” एक मिनिटही झालं नसेल.

बारा कुकीज. एक खाल्ली.

कढया ठेवायला दोनदा उठले, दोनदा परत बसले. राहू देत टेबलावर. हा पसारा असला की वाटतं, आत्ता ओरडले तर वरून उत्तर येईल.