अकरा फुटांची चूक

रिकार्टन, १४ ऑगस्ट २०१६

श्री. जगदीशराव यांस,

साडू पुरुषोत्तमचा नमस्कार. नीलांबरीताईंचा गुडघा दुखायचा आणि लोअर हटचा पाऊस पडायचा थांबला असेल, असं धरून चालतो. इकडे सुनीतीने माझ्या स्की गराजमध्ये कुलपात घातल्या असून किल्ली स्वतःकडे ठेवली आहे, आणि इकडच्या हिवाळी सीझनचे अजून सहा आठवडे बाकी आहेत. तुमच्या कानावर आलेलं सगळं नीलांबरीताईंकडून, म्हणजे सुनीतीकडून, म्हणजे चुकीचं आलेलं असणार. म्हणून तपशीलवार लिहितो.

मी स्कीइंग कुणाकडे शिकलो नाही हे तुम्ही जाणता (उतारावर शिकवणारी बावीस वर्षांची पोरं दिवसभर 'गुडघे वाकवा' एवढंच सांगतात, ते मी आधीच वाचलं होतं). तीन पुस्तकं आणि एक उतार यांवर सात हिवाळे काढले. काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ढग खाली आले, वारा सुटला आणि बर्फ आडवा पडायला लागला. स्वतःचा हात दिसेना. तेव्हा केवळ तुमच्या शब्दाला मान म्हणून, तुम्ही दिवाळीत आग्रहाने माझ्या फोनमध्ये घातलेलं ते जीपीएसचं अ‍ॅप उघडलं. हातमोजा घातलेल्या बोटाला फोन दाद देत नाही. हातमोजा काढून दातात धरला, तो वाऱ्याने नेला. एवढं झाल्यावर निळा ठिपका काय म्हणतो, तर मी उताराच्या पायथ्याशी असलेल्या कॅफेच्या स्वयंपाकघरात आहे. मी उणे सात अंशांत, गुडघाभर बर्फात उभा.

जगदीशराव, आत आणि बाहेर यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या भरवशावर तुम्ही रोज वेलिंग्टनला गाडी नेता. मी फोन खिशात टाकला आणि पुस्तकात दिल्याप्रमाणे खड्डा खणून चाळीस मिनिटं बसलो. मधूनमधून तळलेल्या चिप्सचा वास येत होता. पण थंडीत नाकाला भास होतात हे वाचलेलं असल्यामुळे मी फसलो नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी माझ्या पाठीमागे एक दार उघडलं. कचऱ्याची बादली घेतलेली मुलगी "किया ओरा" असा इथला नमस्कार करून म्हणाली, "आत येताय, की तिथंच बरं वाटतंय?" (सुनीती आतच कॉफी घेत बसली होती. तिनेच वर्दी दिल्यामुळे बचावपथकाचे चौघे वरच्या उतारावर मला शोधत होते. पतीवर विश्वास नसला की असे चार लोकांचे हाल होतात.) कॅफेतून टेप मागून मी अंतर मोजलं. खड्डा ते स्वयंपाकघराची भिंत, अकरा फूट. म्हणजे तुमचं अ‍ॅप अकरा फुटांनी चुकलं. ही गोष्ट मान्य करायला एकही माणूस तयार नाही.

लोभ आहेच; तुमच्यावर, अ‍ॅपवर नव्हे.

पुरुषोत्तम

ता. क. सुनीती एका अटीवर किल्ली देणार आहे. मी डोंगरावर असेन तेवढा वेळ कुणीतरी माझा ठिपका फोनवर बघत बसायचं. ती स्वतः बसणार नाही. आमच्या अबोलीने "डॅड, नो वे" एवढंच कळवलं. तुम्हाला फोनवर तशी विनंती पाठवली आहे, ती स्वीकारा आणि येत्या शनिवारी नऊ ते चार मोकळे राहा.

आणखी एक. बचावपथकाने फॉर्म भरताना सापडलेल्या माणसाचं नाव विचारलं, तेव्हा घाईत मी तुमचं नाव आणि नंबर दिला. उद्या त्यांचा फोन येईल. बोटं बरी आहेत म्हणून सांगा. नवशिक्यांच्या मोफत वर्गाला त्यांनी तुम्हाला बोलावलं आहे. मी तिथल्या तिथे नाही म्हणून टाकलं. आभार मानायचे तेवढे तुमच्याकडून राहिले आहेत.