फोर्तुनातोच्या थडग्यावर सहा पावे

मी, सातुर्निनो क्वोयो हुआमान, वय एकाहत्तर, धंदा पावे करण्याचा, राहणार चल्वापुक्यो, कानास प्रांत, कुस्को, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. फुप्फुसे सोडली तर मी धडधाकट आहे. दवाखान्यातल्या बाईंच्या मते महिनाभर निघेल.

१. राहते घर व मेंढ्या मुलगी बासिलिया हिला. तिचा नवरा छप्पर शाकारायचे म्हटले की उद्यावर ढकलतो; त्याचा घरावर काडीचाही हक्क नाही.

२. रंधा, भोके पाडायची सळई आणि बैलाच्या स्नायूंची दोरी शिकेल त्याला. तसा कोणी गावात दिसत नाही, तोवर बासिलियाकडे.

३. माझे सहा पिंकुयो, म्हणजे आमचे पावसाळी लाकडी पावे. गावाचा डोळा यांच्यावरच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हे पावे नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणापासून फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत वाजतात आणि पाऊस बोलावतात. जून-जुलैच्या कोरड्या थंडीत त्यांना कोणी तोंड लावत नाही. माझा मुलगा फोर्तुनातो याने लावले. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये कुस्कोच्या सूर्योत्सवात एका कार्यक्रमवाल्याने त्याला पुठ्ठ्याचा मुकुट घालून ‘इंकांचा अस्सल सूर’ म्हणून उभे केले. मी अडवले तर म्हणाला, “बाबा, शहरात कुणाची शेतं आहेत ऐकायला?” इंकांना महिना कळत होता. कार्यक्रमवाल्याला आणि माझ्या दिवट्याला कळला नाही.

त्याच आठवड्यात पाऊस आला. चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेला, वर्षानुवर्षे टिकणारा बटाटा, करायला गावाने कडाक्याच्या थंडीत पसरलेले बटाटे, सगळ्यांचे वर्षाचे अन्न, माळावर काळे पडून कुजले. गावप्रमुख मेलितोन चोके याची धाकटी त्या वर्षी भुकेने खंगून गेली. ते मी विसरलेलो नाही, आणि नियम खरा आहे असे आजही मानतो. पण सभेत मेलितोन म्हणाला, “याच्या तोंडाला पुन्हा पावा लागला तर याद राखा,” आणि एकानेही ब्र काढला नाही. फोर्तुनातो सोन्याच्या खाणीत गेला, तिथे दरडीखाली सापडला. पुढच्या वर्षी जुलैत त्याला घरी आणले, तेव्हा पुन्हा पाऊस नको म्हणून सभेने मातीलाही काही वाजू दिले नाही. एवढा वाजवणारा पोरगा मुक्यानेच पुरला. याबद्दल मी गावाला माफ केलेले नाही.

सबब, माझ्या दफनाच्या दिवशी, महिना कोणताही असो, गावाने हे सहाही पावे फोर्तुनातोच्या थडग्यावर वाजवावेत. वाजवले तर ते कायमचे गावाचे. नाहीतर बासिलियाने चुलीत घालावेत. असे पावे आता दुसरे कोणी करत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

४. कोठारातला सगळा जुना चुन्यो घरोघरी वाटावा, पहिला वाटा मेलितोनकडे. पाऊस आलाच, तर कुणाचे लेकरू जायला नको. बासिलिया म्हणते, “बाबा, मेल्यावर तरी भांडू नका हो.” जिवंतपणी खोकला बोलू देत नाही, त्याला मी काय करू?

५. माझ्या मातीला काही वाजवू नये. माझ्या वाटचे त्याला वाजवा.

मुद्दाम मेलितोनलाच साक्षीला बोलावून वरील सर्व वाचून दाखवले आहे.

सही: सातुर्निनो क्वोयो हुआमान

साक्षीदार १: दोमितिला क्विस्पे, शेजारीण (अंगठा)

साक्षीदार २: मेलितोन चोके, गावप्रमुख. सही केली, तिसरे कलम कबूल केलेले नाही. आज सगळ्या गावाचे बटाटे माळावर पसरलेत. सर्व संतांच्या सणापर्यंत तग धर, सातुर्निनो. पहिला पावा मी स्वतः वाजवतो.

स्थळ: चल्वापुक्यो
दिनांक: १७ जून