सव्वातीन इंच, लेखी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
निरोप समारंभाला सतरा दिवस उरले. बत्तीस वर्षे फिजिक्सची लॅब सांभाळली. शेवटच्या दिवशी तळहातावर उतरणाऱ्या बाह्यांचा कोट घालून उभे राहणे मला मान्य नाही. मापाचे काम दुकानदारांवर सोपवणे हा तर निव्वळ आळस. हिच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन स्वतः मोजले. तीनदा मोजून सरासरी काढली. सव्वातीन इंच जास्त. डोळ्यांना इंच-सव्वा इंचच वाटत होते. परंतु डोळा फसतो, टेप फसत नाही.

४ मार्च, मंगळवार
ऑल्टरेशनच्या दुकानात गेलो. दोन मशिने, एक तडकलेला आरसा आणि तोंडात टाचण्या धरून बोलणारी एक बाई. (हिला यापुढे टाचणीबाई म्हणावे.) म्हणाली, साहेब, एकदा घालून दाखवा ना, टाचण्या लावून घेते, दोन मिनिटांचं काम. मी माप लिहिलेला कागद पुढे केला. तो वाचून म्हणाली, सव्वातीन? अहो, जरा जास्त नाही का वाटत? कापलेलं काही परत येत नाही, साहेब. मग मला अंदाज आणि मापन यांतला भेद सांगावा लागला. सात-आठ मिनिटे लागली. मागे दोन गिऱ्हाईके ताटकळत होती. त्यांनाही लाभ झाला असावा. शेवटी कागदावर ‘वाचले, समजले’ असे लिहून तिची सही घेतली. कामात शिस्त हवी.

८ मार्च, शनिवार. दुपारी १
कोट आणला. घातला. बाह्या मनगटाच्या हाडाच्या बऱ्याच वर. एका उन्हाळ्यात ताडमाड वाढलेल्या शाळकरी पोरासारखा दिसतो. ही स्वयंपाकघरातून डोकावली आणि पदर तोंडाला लावून परत गेली. अक्षम्य!

८ मार्च. सायंकाळी ६
दुकानात जाऊन जाब विचारला. टाचणीबाईने निमूटपणे माझाच कागद पुढे ठेवला. मी म्हणालो, कागद आहे हो, पण कारागिराला डोळे असतात की नाही? तिने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. मालक मात्र सारखा हो साहेब, हो साहेब करत होता. लेखी तक्रार देतो असे सांगून बाहेर पडलो.

९ मार्च, रविवार
तक्रार पूर्ण. दोन पाने, सहा मुद्दे, शेवटी ‘संबंधितांवर योग्य ती कारवाई व्हावी’. भाषा संयत आणि धारदार. ही म्हणाली, एका बाहीसाठी एवढं रामायण? तक्रार संध्याकाळी दुकानात पोचती केली.

१२ मार्च, बुधवार
मालकाचा फोन. तुमच्यासारख्या माणसाची तक्रार म्हणजे दुकानाच्या अब्रूचा प्रश्न, साहेब. बाईला काउंटरवरून काढून मागे बटणांना बसवलंय, महिनाअखेर कामावरून कमीच करतो. ‘योग्य ती कारवाई’ म्हणजे इतकी नव्हे, असे म्हणणार होतो. तेवढ्यात त्याने फोन ठेवला.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ८
हिने सहज विचारले, कुठल्या टेपने मोजलं होतं तुम्ही? दाखवला. ती खुर्चीत बसून हसत सुटली. अहो, त्याचं टोक झिजलं म्हणून मीच कापलंय! दोन इंच वजा करायचे असतात त्यातून, घरातल्या झुरळालासुद्धा माहीत आहे.
तपासले. टेप दोनपासून सुरू होतो.
उपकरण हाती घेतले की आधी झिरो एरर पाहा, हे वाक्य मी बत्तीस वर्षे, दर वर्षी, पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिले आहे. म्हणजे मला ते ठाऊक नव्हते असे नाही. सूचना देण्याची जबाबदारी टेपच्या मालकिणीची होती.

१३ मार्च. दुपारी ३
हिला बाईचे सगळे सांगितले. हसणे थांबले. म्हणाली, आत्ता उठा आणि जाऊन सांगून या. कपडे बदलले. मग वाटले, असा विषय तोंडी उरकणे बरे नव्हे. उद्या लेखी देतो. निश्चय.

१५ मार्च, शनिवार
पत्राचा दुसरा खर्डा. ‘माझी चूक’ हा शब्दप्रयोग ढोबळ वाटतो. ‘मापनप्रक्रियेतील पद्धतशीर त्रुटी’ अधिक नेमके. ही म्हणाली, ‘माझं चुकलं’ एवढे दोनच शब्द आहेत, त्यांना परिशिष्ट कशाला?

१७ मार्च, सोमवार. सायंकाळी ५
दुकानावरून जात होतो. (वाट तिथूनच जाते. वाकडी वाट करून गेलो, हा हिचा आरोप आहे.) टाचणीबाई मागल्या दाराशी स्टुलावर बसून बटणे लावत होती. मला पाहून स्वतःच उठून आली. म्हणाली, साहेब, कोट आणून द्या, आत जोड देऊन टोकाला तसल्याच कापडाची पट्टी लावते, कुणाला कळणारसुद्धा नाही. फक्त मालकांना बोलू नका. मी म्हणालो, कशाला? तर म्हणाली, माझ्याच हातून गेलं ना. तुम्ही रागावला असतात तरी मी अडून बसायला हवं होतं.
मी मान डोलावली.
मान डोलावणे म्हणजे संमती नव्हे. ऐकले, एवढ्याची ती पोच.

१९ मार्च, बुधवार
कोट मिळाला. या वेळी तिने तो माझ्या अंगावर घालून, गुडघे टेकून, टाचण्या लावून पाहिले होते. बाह्या नेमक्या मनगटावर. जोड भिंग लावूनही सापडत नाही. (लावले.) सांगण्याची संधी होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. अशा वेळी कोणाला दचकवणे धोक्याचे.

२० मार्च, गुरुवार
समारंभ उत्तम. कोटाची तिघांनी स्तुती केली. एकाने शिंप्याचा पत्ता विचारला. ऐकू न आल्यासारखे केले. भाषणातला झिरो एररचा परिच्छेद वेळेअभावी गाळला. सहा मिनिटे शिल्लक होती.
ही पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवल्या नाहीत.

२४ मार्च, सोमवार
सातवा खर्डा. आता मोकळा वेळच वेळ, तरी दुसऱ्या परिच्छेदात ओघ नाही. झोप नीट लागत नाही. उशी बदलून पाहावी.

२७ मार्च, गुरुवार
ही म्हणाली, मी जाऊन सांगते. मी म्हणालो, खबरदार, हा माझ्या सचोटीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, म्हणूनच म्हणते. दोन दिवस कामापुरतेच बोलते आहे.

३० मार्च, रविवार
अकरावा खर्डा. निर्दोष. ‘माझे चुकले’ हेच शब्द ठेवले, तिसऱ्या ओळीत. उद्या सकाळी दुकान उघडताच देणार. काहीही होवो.

३१ मार्च, सोमवार. दुपारी १२.४०
पाकीट साधे होते, ते शोभेना. चांगले आणण्यात सकाळ गेली. साडेअकराला पोचलो. स्टूल रिकामे. मालक म्हणाला, गेली साहेब, दहालाच. बहिणीच्या गावी जायच्या बसची वेळ होती. तक्रार मागे घेणारी एक ओळ कुणी दिली असती तर ठेवून घेतली असती हो, हात सोन्याचा होता बाईचा. पण तुमच्या शब्दापुढे मी कोण?
फोन नंबर आहे, देऊ का, असेही त्याने विचारले. मी नको म्हणालो. पूर्वसूचना न देता फोन करणे शिष्टाचाराला धरून नव्हे.
काउंटरवर नवी बाई होती. मालक अभिमानाने म्हणाला, ही तुम्हाला आवडेल साहेब, लिहून दिलंय तेवढंच करते, उलट एक शब्द विचारत नाही. मग तक्रारींचे रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवले. ‘कारवाईने ग्राहकाचे समाधान झाले’, असे त्याने आधीच लिहून ठेवले होते. खाली फक्त सही हवी होती.
पत्र आतल्या खिशात होते.
सही केली. जराशी वाकडी आली. पेन त्यांचे होते.