हुकाची जीप

९ जाने.
धुणं वाळत घालताना जीपच्या हुकाला नडगी आपटली. रक्त आलं. बैलांची ट्रॉली अडकवायचा हुक. ट्रॉली आणि बैल भडगावला दिराकडे, जीप धुळ्यात माझ्या अंगणात. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतींसाठी ठेवलेली, वर्षातून चारदा निघणारी. "हुकाला जुना मोजा चढवतो," दहा वर्षं म्हणत होते हे. श्रावणात गेले. हुक तसाच.
विमा २५ला संपतो. एजंटला फोन केला.

१३ जाने.
एजंट संजय आला. जीपचा हप्ता रोजच्या कारपेक्षा जास्त! चार दिवसांसाठी?
"ताई, इंजिन मोठं. उभी असो की पळो, कंपनीला सारखंच. नाहीतर घाला भंगारात."
घालायची की नाही ते मी बघेन.
कागद वाचला. त्यात मालकाचा अपघात विमा, ह्यांच्या नावाने.
"संजय, ते वारलेत."
"ते आपोआप येतं. यंदा त्यांच्याच नावाने काढू, कुणाला कळतं? त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."
म्हणजे गेलेल्या माणसाला आता अपघात व्हायचा राहिलाय. कारवरही हाच विमा आहे. एका माणसाला एकदा पुरतो. इतकी वर्षं दोनदा घेतला.
चहा मागितला त्याने. केला. माझाच राग आला.

१६ जाने.
आरटीओ. गाडी माझ्या नावावर करायला चालू विमा पाहिजे. विमा माझ्या नावावर करायला गाडी माझ्या नावावर पाहिजे. खिडकीतला म्हणाला, "मालक गेल्यावर तीन महिन्यांत विमा कंपनीला कळवायचं होतं, बाई."
संजय तेराव्याला जेवायला होता. वरण दोनदा घेतलं. तेव्हा तोंड उघडत होतं की.

१९ जाने.
दिरांचा, नानांचा फोन. "वहिनी, भाऊनी जीप शे, इकू नका. रविवारे पट शे, बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात."
सगळे जीपची वाट बघताहेत म्हणे. विम्याचं सांगितलं. हसले. "मन्हा बैलेसले कोन इमा इचारस?"
"रस्त्यात कुणाला लागलं तर, नाना?"
नाना म्हणाले, "भाऊ ऱ्हाता त..."
फोन ठेवला. भाऊ राहिले असते तर हे सगळं त्यांना सुनावलं असतं. एकतीस वर्षांत एकदाही...

२५ जाने., रवि.
विमा आज संपतो. पटही आजच. नाना भाड्याच्या टेम्पोने बैल घेऊन गेले.
दुपारी ह्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला. संजयने न विचारता अर्ज भरलेला. लगेच फोन, "ताई, पटकन सांगा, दहाच मिनिटं आहेत."
"ज्याचा नंबर आहे त्याला विचार."
हा मोबाइल मी रोज चार्ज करते तो ह्यासाठी नाही.
रविवारी हे जीप थोडा वेळ सुरू ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. आज गेट लावून मी सुरू केली. विकायची का, माहीत नाही. बंद केली. कपाटातून ह्यांचा एक मोजा काढला, हुकावर चढवला, वरून सुतळी बांधली.