कोरड्या जागेची साक्ष

मु. मोहर्लीजवळ

आदरणीय गुणवंतराव भाऊजी यायले साळा धनराजचा वाकून रामराम.

तुमची कंबर कशी आहे? रुखमाबाई गोळ्या वेळेवर देते का अजून तुमालेच दोष देते? इथी सगळे खुशाल आहेत (वच्छला माह्यासंग बोलत नाई, म्हनून मी जरा जास्तच खुशाल). फोन केला असता, पन मी फोनवर बोललो का थे सयपाकघरातून दुरुस्त्या करते.

तर भाऊजी, तलावाच्या अंगाले मी पाव्हन्यायसाठी दोन खोल्या बांधल्या तवा तुमी म्हटलं होतं, आधी बेडकाले इचार. बेडकाले काय अक्कल! जागा कोरडीठन्न आहे. त्याच खोल्यायच्या भरवशावर आपला रोशन घुग्घुसच्या कोळसा खाणीतली पाळी सोडून घरी आला, त्याचा खोकला गेला. अन् आता सरकारले तलावाची खरी हद्द पाह्यजे. हद्दीच्या आत जे असन थे पाडनार. खोल्या गेल्या तर पोट्टा पुन्हा त्या धुळीत जाईन, अन् थे मले सोसत नाई.

हद्द ठरवाले सरकारकडून नीलिमा मॅडम येनार होत्या. मले वाटलं, सातबारा पाहतीन, च्या पितीन, जातीन. पन यायची रीतच न्यारी. पानी आज कुठी आहे थे पाहून भागत नाई म्हने. माती, गवत अन् पान्याच्या खुना, हे तीन साक्षीदार इचारते. तिघं एक बोलले का जागा तलावाची. मंग मी तिघायलेही फोडाले निंघालो. मातीवर ट्रॉलीभर लाल मुरूम टाकला. लव्हाळा उपटून निवडुंग लावलं (देवळामागचं, पुजारी अजून शोधून राह्यला). जांभळाच्या बुडावर जुन्या पान्याची काळी रेघ होती, तिले खांद्यापर्यंत चुना मारला. एकच झाड कसं दिसन म्हनून गायीच्या खुट्याले बी मारला.

मॅडम येनार त्याच्या आदल्या हप्त्यात पाऊस आला बाप्पा! तलाव चढला, उतरला, अन् चुन्यावर अशी सरळ रेघ मारून गेला का गवंड्याले जमनार नाई. मॅडमनं तिले टेप लावला. निवडुंग सडून आडवं झालं होतं, अन् बाजूनं लव्हाळा मुंडी वर काढून उभा. मंग त्यायनं जमिनीत गिरमिट फिरवलं. वरचा मुरूम सरला अन् खालून राखाडी गाळ निंघाला, त्यात गंजासारखे ठिपके, वास सडक्या अंड्याचा. म्हने, वर्षानुवर्षं पान्याखाली राह्यल्याशिवाय माती अशी होत नाई. मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरी कोंबड्या आहेत.

इथवर बी निभावलं असतं. पन वच्छलानं त्यायले जेवाले बसवलं. पाव्हना आला अन् झिंग्याचा रस्सा नाई, असं आपल्या घरी होते का? मॅडमनं इचारलं, इतके ताजे झिंगे कुठून आनता? वच्छला फुगून म्हने, "आनाचं काय काम बाई? सावन लागला का मांगच्या खोलीच्या पायरीवर बसून टोपल्यानं धरते." मी डोळे वटारले, खोकललो. तिनं मले पानी देल्लं.

जेवन झाल्यावर लाल झेंड्या लागल्या. आता माह्यं सयपाकघर गावात, खोल्या तलावात अन् मोरी सीमेवर.

पन मी बी हरकत घेतली आहे. सोमवारी मॅडम पुन्हा घरी येऊन आमचं ऐकनार. गावातले सारे हासून राह्यले, साक्ष कोनी देत नाई. तुमी इतके वर्षं इथी येता, तुमच्या शब्दाले मान आहे. या, अन् एवढंच सांगा का या जागेवर कधी पानी पायलं नाई. माह्यासाठी नाई भाऊजी, रोशनसाठी.

तुमचा
धनराज

ता.क. येतानी वैनगंगेवरचा तुमचा डोंगा ट्रॅक्टरवर टाकून आना. दोन दिवसापासून पाऊस थांबला नाई. ट्रॅक्टर मारुतीच्या देवळापर्यंत येते, तठून डोंगा पान्यात सोडा, सरळ आमच्या खोलीच्या पायरीले लागते. नागपूरचे दोन पाव्हने पलंगावर बसून आहेत, त्यायले बी काढाचं आहे. पत्र रोशनसंग पाठवतो. ओलं लागलं तर त्याचा घाम समजजा.

आनखी एक. मॅडम देवळापाशी उभ्या राहतीन, त्यायले बी डोंग्यातच घेऊन या. साक्ष रस्त्यानं पाठ करजा, अन् घरात येतानी वल्हं तेवढं बाहेर ठेवजा.