लांडग्याला माते

पायसांदू, मंगळवार

आदरणीय देल्मीरा मावशी यांस,
इलेआनाचा सविनय नमस्कार.

दायमानच्या गरम झऱ्यांत तुमचे गुडघे निवले असतील अशी आशा आहे. (डावा अधिक दुखत होता असं माझ्या टिपणात आहे, उजवा असल्यास कळवावं.) आई बरी आहे. वाचनालयाचं मुलांचं मंडळही बरं आहे, पण शुक्रवारपर्यंतच. म्हणून हे पत्र.

मंडळासाठी आलेल्या त्या तलवारीच्या व्हिडिओ गेमवर, जाण्यापूर्वी तुम्ही परीक्षक म्हणून सही करून गेलात : 'दहा वर्षांवरील सर्वांना योग्य. आदरातिथ्याचे उत्तम संस्कार. मात्र राजाचा क्रमांक लांडग्यानंतर लावणे खटकते.' दुसरी परीक्षक मी. मला वाटलं, माझ्या संगणकावर वेगळाच गेम आला आहे. मग तुमच्या टेबलावर कामगिऱ्यांची छापील यादी सापडली. लांडग्याला माते. चेटकिणीला माते. राजाला माते. मावशी, हे आपलं माते नव्हे, किटलीचं पाणी ओतून पाहुण्यांना पाळीपाळीने देतो तो पाल्याचा काढा नव्हे. भाषांतरकाराने खेळणाऱ्याला अहो-जाहो केलंय, आणि आपल्या स्पॅनिशच्या त्या अदबीच्या रूपात 'माते' म्हणजे 'ठार करावे'. (आपल्याकडे इतक्या आदराने कोणी ठार करायला सांगत नाही, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे.)

मी मोजलं. पहिल्या सहा तासांत दोनशे चौदा लांडगे मरतात. रक्त बंद करायची सोय आहे. ती वापरली की लांडगे झोपल्यासारखे दिसतात, आणि ते मला जास्त खोटं वाटलं. सोळा वर्षांचा शिक्का मारायचं मी ठरवलं होतं. पण मंडळातली सगळी मुलं तेरा ते पंधराची, म्हणजे शिक्का पडला की मंडळ बंद आणि खोली गायनवृंदाला. तेव्हा एकदा त्यांच्यासमोर खेळून पाहिलं आणि तुमची चूकही सांगितली. हसतील असं वाटलं होतं. तेरा वर्षांची रोमिना म्हणाली, "मग देऊन बघ की, ताई! झोळीत पाल्याचा काढा आहेच."

"चेटकिणीला?"

"म्हातारी बाई आहे ती. तिच्या घरात तलवार उपसून काय शिरतेस? जरा लाज धर!"

मी तलवार म्यान केली, काढा पुढे केला. चेटकीण प्याली आणि तिने मागचं दार उघडून दिलं. मग मुलं अर्धा तास भांडत होती, की असं असेल तर आधीच्या लांडग्यांचं काय? हा प्रश्न गेममध्ये कुठेही लिहिलेला नाही. तो त्यांच्यात कुठून आला, याचं मला अजून कुतूहल आहे. अहवालात मी 'तेरा वर्षांवर योग्य' असं लिहिलं आहे.

तुमची नम्र,
इलेआना

ता. क. नियम सात : परीक्षकाने गेम किमान एक तास स्वतः खेळलेला असावा. तुम्ही खेळलेला नाहीत, त्यामुळे तुमची सही बाद होते, आणि एका सहीवर मंडळ चालत नाही. अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे, तेव्हा त्या दिवशी पहिल्या बसने यावं. गुडघे लागत नाहीत, फक्त अंगठे लागतात. वयाच्या रकान्यात दहाच्या जागी तेरा लिहावं.

आणखी एक. अहवालाला सहा तास पुरे होते. माझे एकतीस झाले. राजा काढा घेत नाही. तुम्ही बावीस वर्षं मुख्याध्यापिका होतात. अशा माणसाशी कसं बोलायचं ते तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं मुलांनी मतदानाने ठरवलं आहे.